खिडकीचा सीन

मुलुंड पूर्वेला मिठागर रोड जिथे खाडीकडे उतरतो, तिथे एका इमारतीच्या तळमजल्यावर चंद्रप्रकाश परबची व्हिडिओ लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे काय, अर्धा गाळा. उरलेल्या अर्ध्यात सीताराम शिंपी बसायचा, आणि मधल्या प्लायवूडमधून त्याच्या मशीनची घरघर दिवसभर ऐकू यायची. ओहोटी लागली की खाडीच्या चिखलाचा वास थेट कॅसेटच्या फळ्यांपर्यंत पोचायचा. मे महिन्यात मिठागरांवरून येणारा उजेड इतका पांढरा असायचा, की दुपारी दाराला गोणपाट टांगावं लागे. कॅसेटला ऊन सोसत नाही.

चंद्रप्रकाश पूर्वी आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडला तेव्हा हाताशी आलेल्या पैशांत त्याने हे दुकान टाकलं. हात फिटरचेच राहिले. परत आलेली प्रत्येक कॅसेट तो मशीनमध्ये घालून पुढे-मागे फिरवून बघायचा. टेप चुरगळली असेल तर तेवढाच तुकडा कापून इतक्या सफाईने जोडायचा, की गिऱ्हाइकाला पत्ता लागत नसे.

कड्यांचा पिक्चर त्याच्याकडे आला तो त्या उन्हाळ्यात. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. एक यान शनीसारख्या एका ग्रहाकडे जातं, त्या ग्रहाला कडी असतात, आणि त्या कड्यांवरून यान सरकत जातं, अशी गोष्ट. गोष्टीपेक्षा देखावे मोठे. हे देखावे कसे घेतले ते कॅमेऱ्यातल्या जाणत्यांनाही उमगलं नाही, असं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. फोर्टातल्या एका थिएटरात तो भल्यामोठ्या पडद्यावर लागला होता. आता त्याची रीतसर कॅसेट निघाली होती. एरवी दुबईहून आलेल्या अंधुक कॉप्यांवर भागवणाऱ्या चंद्रप्रकाशने ही मात्र कंपनीकडून मागवली, छापील वेष्टणाची, कोरी.

त्याला कारण होतं. कारखान्यात असताना अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो एकटाच टाऊनला जाऊन हा पिक्चर बघून आला होता. कड्यांचा तो लांब भाग सुरू झाला, बर्फाचे आणि धुळीचे लाखो कण पडद्याबाहेर आल्यासारखे अंगावरून वाहू लागले, आणि आपल्याखाली लाल रेक्झिनची खुर्ची आहे याचाच त्याला विसर पडला. पिक्चर कसा संपला, आपण रस्त्यावर कधी आलो, हे त्याला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही.

"खरंच जाऊन आलो गं तिथे," तो त्या दिवशी बायकोला म्हणाला होता.

"आलात ना परत? मग झालं," प्रेमा म्हणाली होती आणि तिने पान वाढायला घेतलं होतं.

कॅसेट पहिल्यांदा नेली हसमुखभाईंनी. समोरच्याच इमारतीत राहणारे, कागदाचा व्यापार करणारे, दिलखुलास माणूस. परत करताना ते काउंटरवर रेलून उभे राहिले. पिक्चर फर्स्टक्लास, असे देखावे जन्मात पाहिले नाहीत, म्हणाले. आणि सगळ्यांत भारी तो खिडकीचा सीन.

चंद्रप्रकाशला वाटलं, यानाची काच म्हणत असतील. पण हसमुखभाई म्हणाले, छे, यानाची नाही. कड्यांवरून जाताना मध्येच एक खिडकी येते, साधी, घराला असते तशी, गज असलेली. आत एक माणूस पाठमोरा बसलेला असतो. मग तो वळतो आणि बोलतो. "आणि चंदूभाई, गुजराती बोलतो! आमच्या भावनगरसारखं. ए लोकांनी डबिंग पण काय मस्त केलंय."

चंद्रप्रकाश हसला. हसमुखभाईंना संध्याकाळी थोडी घ्यायची सवय होती. ते गेल्यावर त्याने कॅसेट मशीनमध्ये घातली आणि कड्यांचा भाग लावला. कण वाहत होते, यानाची सावली त्यांच्यावरून सरकत होती, लांबून तो ऑर्गनसारखा आवाज येत होता. खिडकी नव्हती. कुणी काही बोलतही नव्हतं. त्या सगळ्या भागात एक शब्द नव्हता.

पुढचं गिऱ्हाईक म्हणजे सुलक्षणा टीचर. शाळेत विज्ञान शिकवायच्या. मुलांना कड्यांविषयी सांगायचं म्हणून त्यांनी कॅसेट नेली होती. त्या बाई म्हणजे बोलणं मोजून-मापून आणि डोळ्यांत कायम तपासणीचा भाव. त्यांनी कॅसेट काउंटरवर ठेवली, आणि ती मराठी आवाजातली खिडकी मधेच का घातली, असं विचारलं.

चंद्रप्रकाशने उचललेली कॅसेट हातातच राहिली. त्याने विचारलं, कसली खिडकी. टीचरनी सांगितलं ते हसमुखभाईंशी जुळत होतं, फक्त जास्त बारकाईने. खोली अंधारी आहे. माणूस लाल रेक्झिनच्या खुर्चीत बसलाय. त्याच्या गालावर उजेड हलतोय, जणू समोर काहीतरी चालू आहे आणि तो ते बघतोय. मग तो मान वळवतो.

"आणि काय बोलतो?"

टीचरनी पर्सचा बंद उगाच दोनदा लावला. "साधंच बोलतो," त्या म्हणाल्या, आणि पुढे काही न सांगता निघून गेल्या.

त्या दिवशी गोणपाटाआडच्या उकाड्यात बसून चंद्रप्रकाशने तो भाग पुन्हा पुन्हा बघितला. सावकाश बघितला, चित्र थांबवून बघितलं. कॅसेटचं झाकण उघडून टेपवर कुठे जोड आहे का, तेही नखाने चाचपून पाहिलं. टेप अखंड होती. पलीकडे सीतारामचं मशीन थांबलं, आणि काय बघतोयस एवढं, असं त्याने प्लायवूडवर टकटक करून विचारलं. चंद्रप्रकाश म्हणाला, काही नाही.

त्याच आठवड्यात कधीतरी हसमुखभाई दुकानात आले. दुसरी एक कॅसेट हवी होती. त्यांनी काउंटरपलीकडे डोकावून आत पाहिलं, मग चंद्रप्रकाशकडे पाहिलं, आणि जरा अदबीने विचारलं, "चंदूभाई नाहीत?"

चंद्रप्रकाशने थट्टेला थट्टेनेच उत्तर दिलं, म्हणाला, चंदूभाई गेले हिमालयात. हसमुखभाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही. ते म्हणाले, हिमालयात कसे जातील, सकाळी तर फोर्टात भेटले. मार्केटच्या कोपऱ्यावर उभे होते. दुकानाकडेच निघालोय, म्हणाले. मग त्यांनी नवा नोकर ठेवलेला दिसतोय अशा बेताने चंद्रप्रकाशला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, नंतर येतो म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले.

चंद्रप्रकाश बराच वेळ त्या रस्त्याकडे बघत राहिला. तो सकाळपासून दुकानातून हलला नव्हता.

सुलक्षणा टीचर त्याला बाजारात दिसल्या. तो ओळखीचं हसला, तर अनोळखी पुरुष हसल्यावर फिरवावी तशी त्यांनी नजर फिरवली. तो पुढे होऊन म्हणाला, टीचर, मी परब, लायब्ररीवाला. त्या थबकल्या. परबांना त्या चांगल्या ओळखतात, म्हणाल्या. कालच घाटकोपरच्या स्टेशनाबाहेर बोलणं झालं, फार सज्जन माणूस. आवाजात राग नव्हता. होती ती थोडी भीती, आणि ती त्याच्यासाठी होती की त्याच्यापासून, हे त्याला कळेना.

आता त्याला अन्न जाईना. भाऊराव कांबळे हा त्याचा शाळेपासूनचा मित्र, भांडुपच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता. भुताखेतांचा विषय निघाला की तो हातातला चहा टाकून उठायचा. बाबासाहेबांची पुस्तकं वाचलेल्या माणसाला असल्या गोष्टींना वेळ नसतो, म्हणायचा. चंद्रप्रकाशने त्याला सगळं सांगितलं. भाऊरावने ऐकून घेतलं.

"चंद्या, लोक तुझी खेचतायत रे. आण ती कॅसेट इकडे. मी बघतो आणि उद्या सांगतो तुला, काय आहे आणि काय नाही ते."

द्यावी की देऊ नये, असा चंद्रप्रकाश क्षणभर घुटमळला. मग दिली. भाऊरावशिवाय दुसऱ्या कुणाच्या शब्दावर त्याचा विश्वास बसला नसता.

दुसऱ्या दिवशी भाऊराव आला तो रस्त्याच्या पलीकडेच उभा राहिला. गोणपाट बाजूला सारून चंद्रप्रकाशने हात केला. भाऊरावने हात केला नाही. बऱ्याच वेळाने तो इकडे आला, कॅसेट काउंटरवर ठेवली. ज्या माणसाने त्याच्याशी आयुष्यभर अरेतुरे केलं, त्याने खाकरून घसा साफ केला.

"तुम्ही बसता का इथे आता?" तो म्हणाला. "चंदूला द्या ही. मघाशी इथेच, गव्हाणपाड्याच्या नाक्यावर भेटला. येतोच म्हणाला."

"भाऊ," चंद्रप्रकाश म्हणाला. "भाऊ, माझ्याकडे बघ."

भाऊरावने बघितलं. नीट बघितलं. चेहरा आठवायचा मनापासून प्रयत्न करणाऱ्या सभ्य माणसासारखा त्याने कपाळाला आठ्या घातल्या. मग मान हलवली, माफ करा म्हणाला आणि गेला.

दुपारीच दुकान बंद करून चंद्रप्रकाश अंधेरीला गेला. पवईवरून जाणाऱ्या बसमध्ये तो कॅसेट मांडीवर घेऊन बसला होता. तळ्यावरून येणारा वारा गरम होता. आपण फिटर माणूस, असं तो स्वतःला बजावत होता. यंत्रात बिघाड असतो, बिघाडाला जागा असते, जागा सापडते.

कॅसेट काढणाऱ्या कंपनीची कॉपी करायची जागा एमआयडीसीत होती. आत गारवा, ओळीने मांडलेल्या मशीनी, आणि सुगंधा नावाच्या एक चष्मेवाल्या बाई, ज्या तयार कॅसेट तपासायच्या. त्याने आपलं नाव सांगितलं, मुलुंडचा परब, लायब्ररी चालवतो, तुमच्या कॅसेटमध्ये काहीतरी गोंधळ आहे. त्यांनी त्याला स्टूल दिलं, आपलेपणाने चौकशी केली, आणि कॅसेट लावली.

कडी आली. तो पडद्याकडे बघत नव्हता. तो बाईंकडे बघत होता.

त्यांची नजर कणांबरोबर सरकत होती. मग ती एका जागी थांबली, पडद्याच्या डाव्या अंगाला, जरा खाली. त्याने तिथे बघितलं. तिथे धूळ होती आणि उजेड होता. बाईंचे ओठ किंचित विलग झाले. कुणी काही सांगत असताना आपण मान डोलावतो, तशी त्यांनी मान डोलावली.

"काय दिसतंय?" त्याने विचारलं.

त्यांनी मशीन बंद केलं. कॅसेट वेष्टणात सरकवली, त्याच्यापुढे धरली. "दोष नाही कॅसेटमध्ये," त्या म्हणाल्या. आणि तो दाराशी पोचला तेव्हा मागून त्यांनी साध्याच कुतूहलाने विचारलं, "परब स्वतः का नाही आले?"

त्यानंतर त्याने कॅसेट कुणाला दिली नाही. घरी नेऊन माळ्यावरच्या पेटीत, जुन्या गोधड्यांच्या खाली ठेवून दिली. ज्यांनी पिक्चर बघितला नव्हता त्यांच्यात काहीच बदल नव्हता. सीताराम पूर्वीसारखाच विडी मागायचा, दूधवाला पूर्वीसारखाच कटकट करायचा. पण हसमुखभाईंच्या घरी आठ माणसं होती, टीचरनी शेजाऱ्यांना बोलावून पिक्चर दाखवला होता. रस्त्यावर रोज कुणी ना कुणी त्याला चुकवून पुढे जाई. दुकानात येऊन लोक बाकावर बसत, परब येतील म्हणून वाट बघत, आणि थोड्या वेळाने उठून जात.

चंद्रप्रकाशला बसवेना. दुकानात असला की दाराशी जाई, दाराशी असला की आत येई. मिठागरांच्या बांधावर जाऊन उभा राही, आणि तिथेही मागे वळून वळून बघे. रस्त्यावर आपल्याच अंगलटीचा एखादा माणूस दिसला की तो आडोशाला सरके.

घरात शिरलं की मात्र सगळं ठीक असे. प्रेमा दारातच म्हणायची, अहो, आधी हात-पाय धुवा. तिच्या त्या 'अहो'ने त्याच्या छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. तिने पिक्चर बघितला नव्हता. तो तिला कधी दाखवायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं.

पण प्रेमा आंधळी नव्हती. तो झोपेत दचकतो, ताटावरून अर्धपोटी उठतो, हे ती बघत होती. एका रविवारी तिने त्याला समोर बसवलं आणि हात जोडून म्हणाली, काय असेल ते सांगा, नाहीतर मी गावाक निघून जातंय. एरवी मुंबईचं बोलणारी ती, रडू आलं की मालवणीवर यायची. त्याने सांगितलं. सगळं सांगितलं. सांगताना त्याला वाटत होतं, ही आता हसेल.

ती हसली नाही. तिने विचारलं, तो माणूस काय बोलतो ते कुणीच सांगितलं नाही? तो म्हणाला, नाही.

"मग मी बघते. बघता बघता तुम्हाला सांगते."

तो नाही म्हणाला. तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"लोकांचं सोडा. त्यांनी तुम्हाला काउंटरपलीकडून बघितलंय. मी विसरेन तुम्हाला?"

या प्रश्नाला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. आणि खरं सांगायचं तर, काय बोलतो तो, हे जाणून घ्यायची तहान आता भीतीपेक्षाही मोठी झाली होती.

सोमवारी दुकान बंद असायचं. जेवणं झाल्यावर त्याने घराच्या खिडक्या लावून घेतल्या. बाहेर ऊन रणरणत होतं, चाळीवजा त्या इमारतीत सगळीकडे दुपारची सामसूम होती. त्याने पेटी उतरवली. कॅसेट लावली. दोघं जमिनीवर, भिंतीला टेकून बसली. त्याचा एक हात प्रेमाच्या हातात होता आणि दुसरा हात मशीनच्या बटणावर. खिडकी आली की सांग, तो म्हणाला, मी लगेच बंद करतो.

कडी सुरू झाली. निळसर उजेड भिंतीवर, देवाच्या फोटोवर, प्रेमाच्या कपाळावर हलू लागला.

"किती सुंदर आहे हो," ती म्हणाली.

"खिडकी?"

"अजून नाही."

कण वाहत होते.

"आली," प्रेमा म्हणाली.

त्याला धूळ दिसत होती. फक्त धूळ.

"गज आहेत. आत अंधार आहे. कुणीतरी बसलंय."

"कोण?"

"पाठ आहे इकडे." तिचा आवाज उतरला. "शर्ट तुमच्यासारखा आहे."

बटणावर त्याचं बोट होतं. दाबायचं होतं. त्याने दाबलं नाही.

"वळतोय," ती म्हणाली.

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. लग्नानंतर पहिल्यांदा ती गावाहून आली, गर्दीत त्याला शोधत होती, आणि तो दिसला तेव्हा तिचा चेहरा जसा उजळला होता, अगदी तसाच आता उजळला.

"प्रेमा, काय म्हणतोय तो?"

"हो," ती पडद्याकडे बघून म्हणाली. हळू, लाजून. "हो. या."

त्याने बटण दाबलं. पडदा काळा झाला.

खोलीत एकदम दुपार झाली. फटीतून आलेली उन्हाची तिरीप जमिनीवर पडली होती. प्रेमाने आपल्या हाताकडे पाहिलं, आणि त्यात धरलेल्या परक्या हाताकडे पाहिलं. सावकाश, त्याला वाईट वाटू नये इतक्या हलकेच, तिने आपला हात सोडवून घेतला. मग ती उठली. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि भिंतीजवळ जरा लांब उभी राहिली.

"तुम्ही खाली का बसलात?" ती म्हणाली. "खुर्चीवर बसा ना. हे येतीलच इतक्यात."

तो भिंतीला धरून उठला.

ती स्वयंपाकघरात गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, मग फडताळातून पाहुण्यांचे कप काढल्याचा.

"चहात साखर किती घेता?" तिने आतून विचारलं.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. जिना खालपासून वाजायला लागला होता. पावलांना घाई नव्हती. ती एकेक मजला वर आली, ओळखीची असल्यासारखी त्यांच्याच दाराशी थांबली, आणि बाहेर कुणीतरी भिंतीला हात टेकून चपला काढू लागलं.